मोबाइलवरून फोन करताना आपला नंबर लपवता येतो का?

प्रश्न एका समुपदेशक ताईंचा आहे. त्या सातारा जिल्ह्यातल्या एका महिला समुपदेशन केंद्रात काम करतात. घरगुती हिंसाचाराची तक्रार घेऊन आलेल्या बायकांना पुढच्या तारखा कळवायला, विचारपूस करायला त्यांना स्वतःच्या मोबाइलवरून फोन करावा लागतो. मग त्या बायकांचे नवरे, दीर त्याच नंबरवर फोन करून शिवीगाळ करतात, कधी रात्री-बेरात्री. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी नंबराच्या आधी #३१# लावून पाहिलं, पण काही झालं नाही. लंडनला असलेल्या भावाचा फोन मात्र दर वेळी ‘प्रायव्हेट नंबर’ म्हणूनच येतो. त्याला जमतं ते मला का जमत नाही, आणि मग मी करू काय, असं त्यांनी विचारलं आहे.

मोबाइल कंपन्यांच्या स्विचिंग विभागात आणि नंतर फसवणुकीच्या तक्रारी हाताळणाऱ्या विभागात मी बरीच वर्षं काम केलं आहे, त्यामुळे हा विषय मला दोन्ही टोकांकडून माहीत आहे. ताई, तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं की भारतात सर्वसामान्य ग्राहकाला नंबर लपवायची सोय दिली जात नाही. तुमच्या फोनचा किंवा सिमचा त्यात काहीही दोष नाही. आणि ती सोय मिळाली असती तरी तुमचं काम त्यातून अर्धंच झालं असतं. ते का, हे जरा सविस्तर सांगतो, कारण कारण कळलं की पुढचे मार्ग आपोआप दिसतात.

आपला नंबर आपला फोन पाठवतो अशी बहुतेकांची समजूत असते. तसं नसतं. तुम्ही कॉल लावला की कंपनीचं नेटवर्क सिमवरून तुम्हाला ओळखतं आणि तुमचा नंबर स्वतः कॉलला जोडतं. तुमचा फोन फार तर एक विनंती करू शकतो, ‘हा नंबर दाखवा’ किंवा ‘हा झाका’. नेटवर्क ती विनंती मान्य करणार की नाही, हे तुमच्या खात्यात ती सोय चालू आहे का यावर ठरतं. चालू असेल तर नंबरासोबत एक छोटी खूण जाते. तिचे अर्थ तीन: दाखवायला हरकत नाही, दाखवू नये, किंवा नंबर उपलब्धच नाही. पत्राच्या पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता लिहिलेला असावा, पण घरात देताना त्यावर बोट ठेवून दे असं पोस्टमनला सांगितलेलं असावं, तसंच हे. पत्ता पाकिटावर शेवटपर्यंत असतो.

म्हणजे लपवलेला नंबरही संपूर्ण प्रवासात कॉलबरोबरच असतो. तुमच्या कंपनीला तो दिसतो, समोरच्याच्या कंपनीला दिसतो, दोघांच्याही नोंदींत लिहिला जातो. फक्त शेवटचं एक्सचेंज तो समोरच्या हँडसेटला देत नाही. ११२ सारख्या आपत्कालीन सेवेला तर खूण काहीही असली तरी नंबर दिला जातो. अमेरिकेत टोल-फ्री नंबरांचंही तसंच आहे: तिथे कॉलचे पैसे घेणारा भरतो, म्हणून कॉल कुणी केला ते त्याला कळतं. ‘नंबर लपवला, आता मला कुणी शोधू शकत नाही’ असं समजून त्रास देणारे लोक मी पाहिले आहेत. ते सापडतात.

आता भारताबद्दल. या सोयीचं तांत्रिक नाव सीएलआयआर. दूरसंचार विभाग कंपन्यांना जो परवाना देतो, त्याच्या अटींतच लिहिलं आहे की ही सोय ग्राहकांना सर्वसाधारणपणे देऊ नये. द्यायचीच असेल तर मागणीचं कारण नीट पडताळून द्यावी, आणि अशा ग्राहकांची नाव-पत्त्यासह यादी अधिकृत सरकारी यंत्रणांना पाहता येईल अशी ठेवावी. कॉल सेंटर, टेलिमार्केटिंग आणि घाऊक कनेक्शनं यांना ती अजिबात द्यायची नाही. व्यवहारात ती गुप्तचर यंत्रणांचे अधिकारी, अतिमहत्त्वाच्या व्यक्ती आणि धोक्याचं कारण सिद्ध करू शकणारे मोजके नागरिक यांच्यापुरतीच राहते. मला ही अट योग्य वाटते. लँडलाइनच्या काळात ब्लँक कॉलनी ज्या घरांची झोप उडवली होती, त्यांना विचारा.

म्हणून तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये ‘कॉलर आयडी’ असा पर्याय दिसतो खरा, पण तो जगभरच्या बाजारासाठी बनवलेल्या सॉफ्टवेअरचा भाग आहे. आयफोनमध्ये फोनच्या सेटिंगमध्ये ‘शो माय कॉलर आयडी’ असतं. अँड्रॉइडमध्ये फोन अ‍ॅपचे तीन ठिपके, सेटिंग्ज, मग कंपनीनुसार ‘सप्लिमेंटरी सर्व्हिसेस’ किंवा ‘अतिरिक्त सेटिंग्ज’ यांत तो सापडतो. आपल्याकडच्या सिमवर तो बहुधा फिकट दिसतो, नाहीतर निवडल्यावर एरर देतो. तो ‘नेटवर्क डीफॉल्ट’वरच राहू द्या.

तुमच्या खात्यात ही सोय आहे का, हे पाहायचं असेल तर *#३१# लावून कॉलचं बटण दाबा. या कोडने काही बदलत नाही, फक्त विचारणा होते. ‘सेवेची तरतूद नाही’ किंवा ‘कनेक्शन समस्या किंवा अवैध एमएमआय कोड’ असा संदेश आला की समजा, खात्यात सोय नाही. ‘प्रतिबंधित नाही’ असं आलं तर नंबर दिसतो आहे. तुम्ही वापरलेला #३१# हा जीएसएमच्या आंतरराष्ट्रीय मानकातला खराच कोड आहे, तो फक्त त्या एका कॉलपुरता नंबर झाका अशी विनंती करतो. *३१# त्याच्या उलट: नंबर कायम झाकलेला असेल तर या एका कॉलला दाखवा. हे दोन कोड एकमेकांच्या जागी सांगणारे व्हिडिओ खूप आहेत. पण आपल्याकडे दोन्हींचा उपयोग नाही. सोय नसलेल्या सिमवरून #३१# लावलं तर कधी कॉल लागतच नाही, आणि कधी व्यवस्थित लागतो पण नंबर दिसतोच. हा दुसरा प्रकार घातक आहे. तुम्ही निर्धास्त बोलत राहता आणि तिकडे नंबर स्क्रीनवर असतो. परदेशात असताना हा कोड वापरायची वेळ आली तरी आधी घरातल्या दुसऱ्या फोनवर लावून खात्री करा.

इथे एक गोष्ट मी मुद्दाम जोर देऊन सांगतो. ३१ आणि २१ यांत एका आकड्याचा फरक आहे. ३१ नंबर झाकण्याशी संबंधित आहे. २१ मात्र तुमचे येणारे सगळे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवतो. *२१* आणि पुढे दहा आकडे, शेवटी #, असा कोड कुणी फोनवरून लावायला सांगितला तर लावू नका, मग तो माणूस कस्टमर केअरचा असो, कुरिअरवाला असो किंवा ‘नंबर लपवायची ट्रिक’ सांगणारा असो. *४०१* ने सुरू होणारा कोडही तसाच. एकदा कॉल वळले की बँकेचा फोनवरून सांगितला जाणारा ओटीपी त्या माणसाला ऐकू जातो, व्हॉट्सअ‍ॅपचा पडताळणीचा कॉलही त्यालाच जातो. हा प्रकार इतका वाढला की दूरसंचार विभागाने कोड लावून कॉल वळवण्याची सेवा १५ एप्रिल २०२४ पासून थांबवायला कंपन्यांना सांगितलं. आधीच लावून बसला असाल असा संशय असेल तर *#२१# ने तपासा आणि ##००२# ने सगळं वळवणं रद्द करा. कंपनीलाही फोन करून खात्री करून घ्या.

प्ले स्टोअरवर किंवा टेलिग्रामवर मिळणारी ‘फेक कॉलर आयडी’ अ‍ॅप हा आणखी एक मार्ग लोक शोधतात. त्यांत तुमचा नंबर झाकला जात नाही, त्याच्या जागी खोटा नंबर दाखवला जातो, आणि कायद्याच्या दृष्टीने ही वेगळीच गोष्ट आहे. दूरसंचार अधिनियम २०२३ नुसार दूरसंचार ओळखीत फेरफार केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये अशी अ‍ॅप आणि ती शिकवणारे व्हिडिओ काढून टाकायला समाजमाध्यमांना सांगण्यात आलं. तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी या वाटेला जाऊ नका. शिवाय अशा अ‍ॅपना संपर्कयादी आणि मायक्रोफोनची परवानगी द्यावी लागते. तुमच्या संपर्कयादीत कोणाची नावं आहेत, ते आठवा.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे येतो. तुम्हाला दोन माणसं सांभाळायची आहेत, एक तुम्ही स्वतः आणि दुसरी ती बाई. दोघींची गरज एक नाही.

तुमची गरज अशी की केंद्राचं काम घरापर्यंत येऊ नये. त्यासाठी नंबर लपवण्यापेक्षा नंबर वेगळा असणं जास्त उपयोगाचं. सगळ्यांत साधा उपाय म्हणजे केंद्राच्या नावावर वेगळं सिम, तेही केंद्राच्याच एका साध्या फोनमध्ये. तो फोन संध्याकाळी केंद्रात कपाटात राहील, रात्रीच्या शिव्या त्या कपाटात वाजतील. ज्यांना रात्री खरंच मदत लागेल त्यांच्यासाठी ११२ आणि १८१ हे नंबर पहिल्याच भेटीत लिहून द्यायचे. स्वतःच्या नावावर दुसरं सिम घेऊन ड्युअल सिम फोनमध्ये टाकणं स्वस्त पडतं, पण त्यात एक खोच आहे. व्हॉट्सअ‍ॅप, पेमेंटची अ‍ॅप यांना त्या सिमशी कधीही जोडू नका. नंबर यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये टाकला की खातेदाराचं बँकेतलं पूर्ण नाव समोर येतं, व्हॉट्सअ‍ॅपवर मुलांसोबतचा फोटो दिसतो. नंबर वेगळा ठेवला आणि ओळख तशीच उघडी राहिली, असं होतं.

केंद्राला थोडा खर्च परवडत असेल तर मधला नंबर हा सगळ्यांत चांगला मार्ग. टॅक्सीच्या किंवा जेवण मागवायच्या अ‍ॅपवरून चालकाचा फोन येतो तेव्हा तुम्हाला त्याचा नंबर दिसत नाही, त्याला तुमचा दिसत नाही. मध्ये कंपनीचा एक नंबर असतो, यंत्रणा दोघांना स्वतंत्र कॉल लावून जोडून देते. ही सेवा परवानाधारक कंपन्या लहान संस्थांनाही मासिक भाड्याने देतात. यात कायद्याचा काहीच प्रश्न नाही, कारण दिसणारा नंबर खराच असतो, तो संस्थेच्या नावावर असतो आणि उलट फोन केला तर केंद्रातच लागतो. कोणत्या वेळात फोन कुणाकडे जावा, वेळेनंतर काय ऐकू यावं, हेही ठरवता येतं. मात्र घेताना दोन गोष्टी विचारून घ्या: संभाषणाचं रेकॉर्डिंग आपोआप होतं का, आणि होत असेल तर ते ऐकायचा अधिकार कुणाला. समुपदेशनाच्या बाबतीत रेकॉर्डिंग बंद ठेवणंच मी सुचवेन.

त्या बाईची गरज यापेक्षा अवघड आहे. समजा, तुम्हाला उद्या नंबर लपवायची सोय मिळाली. तिच्या नवऱ्याने फोन हातात घेतला, कॉल लॉगमध्ये ‘प्रायव्हेट नंबर’ दिसला, दुपारी दोन वाजता, बारा मिनिटं. संशयी माणसाच्या डोळ्यांना हा कॉल कुठल्याही साध्या दहा आकडी नंबरापेक्षा जास्त खटकेल. साध्या नंबराबद्दल ती ‘बचत गटाच्या ताईंचा फोन होता’ असं सांगू शकते, लपवलेल्या नंबराबद्दल काय सांगणार? म्हणून अशा कामात नंबर लपवून फोन करणं मला धोक्याचं वाटतं, सोय असली तरीही.

त्याऐवजी पहिल्या भेटीतच विचारून ठेवा: कोणत्या वेळी फोन केलेला चालेल, फोन दुसऱ्याने उचलला तर काय सांगायचं, नंबर कुठल्या नावाने सेव्ह करणार. आणि कुणी कुणाला फोन करायचा हेही ठरवा, कारण त्याचा नोंदींशी थेट संबंध आहे. खेड्यापाड्यांत, अगदी शहरांतही, बायकांच्या हातातलं सिम खूप वेळा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असतं. ज्याच्या नावावर कनेक्शन, त्याला वापराचा तपशील मागायचा हक्क असतो. पोस्टपेडला तो बिलासोबत येऊ शकतो, प्रीपेडलाही थोडं शुल्क भरून मिळतो. त्या तपशिलात तिने केलेले कॉल असतात, तिला आलेले नसतात. म्हणजे तुम्ही फोन केलात तर खूण फक्त तिच्या हँडसेटवर राहते, ती पुसता येते. तिने फोन केला तर ती कंपनीच्या कागदावर राहते, लॉगमधून पुसली तरी. तेव्हा ठरलेल्या वेळी फोन तुम्हीच करायचा, मिस्ड कॉलही मागायचा नाही.

यात आता एक नवीन गोष्ट येते आहे, आणि तिच्याबद्दल अशा केंद्रांनी आतापासून विचार करायला हवा. नंबरासोबत नाव दाखवायची सरकारी व्यवस्था, सीएनएपी. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये तिची शिफारस केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ट्राय आणि दूरसंचार विभाग यांचं यावर एकमत झालं की ही सोय सगळ्यांना मुळातच चालू असेल, नको असेल त्याने बंद करून घ्यायची. सुरुवात ४जी आणि ५जी ग्राहकांपासून. ट्रूकॉलरसारख्या अ‍ॅपमधलं नाव लोकांच्या संपर्कयाद्यांतून गोळा झालेलं असतं, म्हणून तिथे ‘पिंट्या गॅरेज’ असंही दिसतं. सीएनएपीमध्ये नाव येतं ते सिम घेताना भरलेल्या अर्जातलं, कागदपत्रांवर असलेलं.

फसवणूक रोखायला ही चांगली व्यवस्था आहे, मी तिच्या बाजूने आहे. पण आपल्या घरांमधली सिमं कुणाच्या नावावर आहेत ते बघा. आईचं सिम मुलाच्या नावावर, बायकोचं नवऱ्याच्या, मुलीचं लग्नाआधीच्या नावावर, नाहीतर गावाकडच्या मामांच्या. आईने गॅस एजन्सीला फोन केला की तिथे मुलाचं नाव दिसेल. आणि केंद्राच्या नावावर घेतलेल्या सिमवरून तुम्ही फोन केलात तर त्या बाईच्या स्क्रीनवर ‘महिला समुपदेशन केंद्र’ अशी अक्षरं उमटतील, शेजारी नवरा बसलेला असताना. स्वतःच्या नावाचं सिम वापरलं तर तुमचं पूर्ण नाव उमटेल. तेव्हा ही व्यवस्था तुमच्या भागात सुरू झाली की नाव न दाखवण्याची काही सोय आहे का, हे कंपनीकडे लगेच विचारा. आणि आपापल्या घरातली सिमं वापरणाऱ्याच्या नावावर करून घ्यायचं काम कुणीही पुढे ढकलू नये. आपल्या नावावर किती कनेक्शनं चालू आहेत हे ‘संचार साथी’ संकेतस्थळावर पाहता येतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवता येतं.

सीएलआयआर ज्यांना मंजूर आहे त्यांचं नाव सीएनएपीमध्येही दिसणार नाही. त्यामुळे तुमच्या केंद्राने एका कनेक्शनसाठी सीएलआयआरचा रीतसर अर्ज करून पाहावा, असं मला वाटतं. वर सांगितलेल्या धोक्यामुळे तो प्रत्येक कॉलला वापरायचा नाही. आरोपी पक्षाशी बोलावं लागतं, साक्षीदाराला फोन करावा लागतो, तिथे त्याचा उपयोग होईल. अर्ज कंपनीच्या दुकानात देऊन भागत नाही, काउंटरवरच्या मुलाला त्याची माहिती नसते. संस्थेच्या लेटरहेडवर कारण, संस्थेची नोंदणी, महिला व बाल विकास विभागाचं किंवा स्थानिक पोलिसांचं पत्र, आधी आलेल्या धमक्यांच्या तक्रारींच्या प्रती, असं सगळं जोडून कंपनीच्या तक्रार केंद्रातून डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, घ्या. उत्तर समाधानकारक नसेल तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जा. होईलच अशी हमी मी देत नाही. पण कारण खरं आहे, आणि पडताळणीनंतर सामान्य नागरिकाला ही सोय देण्याची वाट नियमात ठेवलेली आहे.

आतापर्यंत जे शिवीगाळीचे फोन आले आहेत ते सोडून देऊ नका. स्क्रीनशॉट घ्या, तारीख आणि वेळ वहीत लिहा. हातात नंबर असेल तर उत्तम. नसेल, ‘प्रायव्हेट’ असं आलं असेल, तरी तारीख आणि मिनिटापर्यंत अचूक वेळ पोलिसांना पुरते. ते कंपनीकडे कॉलच्या नोंदी मागतात आणि झाकलेला नंबर नोंदीत असतो. कंपन्यांना या नोंदी किमान दोन वर्षं जपाव्या लागतात, डिसेंबर २०२१ पासून. ग्राहक म्हणून तुम्ही स्वतः मागितलात तर झाकलेला नंबर कंपनी तुम्हाला सांगणार नाही, तिथे भांडून उपयोग नाही. ओळख लपवून धमकी दिली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये धमकीच्या शिक्षेवर आणखी दोन वर्षांपर्यंतची वेगळी शिक्षा आहे. बाईचा पिच्छा पुरवण्यासाठी कलम ७८ आहे. तक्रार लिहिताना ही कलमं तुम्हीच नमूद करा.

नुसता लपवलेल्या नंबरांचा त्रास थांबवायचा असेल तर गुगलच्या फोन अ‍ॅपमध्ये ब्लॉक केलेल्या नंबरांच्या यादीत ‘अनोळखी’ असा पर्याय आहे, तो फक्त नंबर न दाखवणारे कॉल अडवतो. आयफोनचं ‘सायलेन्स अननोन कॉलर्स’ आणि व्हॉट्सअ‍ॅपचं तसंच सेटिंग यांचा आवाका त्याहून मोठा आहे. संपर्कयादीत नसलेल्या नंबरांचे कॉल वाजतच नाहीत. तुमच्या कामात नवी बाई फोन करते तेव्हा तिचा नंबर यादीत नसणारच, म्हणून केंद्राच्या फोनवर ते लावू नका.

स्क्रीनवर दिसणाऱ्या नंबरावर किती विश्वास ठेवायचा, हेही सांगायला हवं, कारण तुमच्याकडे येणाऱ्या बायकांना ‘पोलीस ठाण्यातून बोलतोय’ असे फोनही जात असतील. दिसणारा नंबर हा पुरावा नव्हे. भारतातल्या कंपनीने जोडलेला नंबर बहुतेक खरा असतो, पण इंटरनेटवरून परदेशी यंत्रणेतून सोडलेल्या कॉलला कुठलाही +९१ नंबर चिकटवता येत होता. ‘डिजिटल अरेस्ट’च्या फसवणुकीत याचा भरपूर वापर झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये दूरसंचार विभागाने असे कॉल अडवायची केंद्रीय यंत्रणा सुरू केली. तिचं तत्त्व सोपं आहे: परदेशातून +९१ नंबराचा कॉल आला, तर तो ग्राहक खरंच रोमिंगवर परदेशात आहे का ते तपासायचं. सिम इथे नाशिकमध्ये चालू आणि कॉल परदेशातून, म्हणजे खोटा. पहिल्या चोवीस तासांत सुमारे एक कोटी पस्तीस लाख कॉल तिने अडवल्याचं विभागाने जाहीर केलं. तेव्हापासून चोरांनी थेट परदेशी नंबरांवरून आणि इथेच दडवलेल्या सिम बॉक्समधून (एकाच वेळी अनेक सिमं चालवणाऱ्या यंत्रातून) फोन करायला सुरुवात केली आहे.

बँका, विमा कंपन्या, सरकारी कार्यालयं यांच्या सेवाविषयक कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर दिले जात आहेत, जाहिरातींसाठी १४० ने सुरू होणारे. संशय आला तर फोन ठेवा आणि तुमच्याकडे आधीपासून असलेल्या, पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर स्वतः लावा. पोलिसांचा फोन म्हणून आला असेल तर ठाण्याचा नंबर दुसरीकडून मिळवून लावा. पैसे गेले असतील तर लगेच १९३०. पैसे गेले नसले तरी संशयित कॉलची माहिती ‘संचार साथी’वरच्या ‘चक्षू’मध्ये नोंदवा.

आता तुमच्या भावाचं. ब्रिटनमध्ये नंबर झाकणं हा ग्राहकाचा हक्क मानला जातो. कुणीही नंबराआधी १४१ लावून एका कॉलपुरता तो झाकू शकतो, आणि कायम झाकलेला असेल तर १४७० लावून एका कॉलपुरता दाखवू शकतो. अमेरिकेत यासाठी *६७ आणि *८२ आहेत, जपानमध्ये १८४ आणि १८६. तिथे झाकायला परवानगी आहे, पण फसवणुकीच्या हेतूने खोटा नंबर दाखवणं तिथेही गुन्हा आहे. तिथल्या कंपनीने ‘दाखवू नये’ ही खूण लावून कॉल पाठवला की आपल्याकडचं एक्सचेंज ती पाळतं, म्हणून तुमच्या स्क्रीनवर ‘प्रायव्हेट नंबर’.

पण भावाने हे जाणूनबुजून केलं असेल असं नाही. तो त्याच्या ऑफिसमधून फोन करत असेल तर तिथला स्विचबोर्ड सगळ्याच कॉलना ती खूण लावत असू शकतो. स्वस्त आंतरराष्ट्रीय कॉलची सेवा वापरत असेल तर कॉल दोन-तीन मधल्या कंपन्यांच्या हातून येतो आणि वाटेत नंबर गळून पडतो किंवा बदलतो. मात्र तेव्हा बहुधा ‘अननोन’ किंवा भलताच नंबर दिसतो, ‘प्रायव्हेट’ नाही. त्याला त्याच फोनवरून लंडनमधल्याच एखाद्या मित्राला कॉल करायला सांगा. तिथेही नंबर दिसला नाही तर त्याच्या फोनच्या सेटिंगमध्ये किंवा त्याच्या कंपनीच्या खात्यात तो झाकलेला आहे. सेटिंग ‘शो’वर करायचं, तेवढ्याने झालं नाही तर कंपनीला सांगून खात्यावरचं बंधन काढायचं. तोपर्यंत तुम्हाला फोन लावताना आधी १४७० लावून बघायचं. तिथे दिसतो आणि इथे दिसत नाही, असं झालं तर दोष वाटेतला आहे. मग ती स्वस्त सेवा सोडून थेट लावून बघू दे, नाहीतर तुमच्याशी व्हॉट्सअ‍ॅपवरच बोलू दे. व्हॉट्सअ‍ॅप कॉलमध्ये नंबर झाकायची सोयच नाही, त्यामुळे कॉल त्याचाच आहे हे तुम्हाला उचलण्याआधी कळेल.